वाऱ्याचे गाल

व्हिक्टोरियन काळातल्या त्या बंगल्याचा थाट अजून शाबूत होता. टोकदार छप्पर, ओतीव लोखंडाचे कठडे, खिडक्यांना रंगीत काचा. फक्त छप्पर गळत होतं. तिथे वाचनालय करायचं ठरलं आणि डागडुजी सुरू झाली. दिवाणखान्याचं छत आलं एका गिलावा करणाऱ्या बाईंच्या वाट्याला. एकदा शिडीवर चढल्या की त्या जेवायलाही खाली उतरत नसत. सगळे त्यांना चुनाताई म्हणत.

छताच्या चार कोपऱ्यांत प्लॅस्टरचे चार वारे होते, म्हणजे गाल फुगवून फुंकर घालणारे चार म्हातारे. त्यातला एक गळतीने कधीच खाली येऊन त्याचा चुरा झाला होता. दुसऱ्या एखाद्याचा साचा काढून भागलं असतं, पण उरलेल्या तिघांची तोंडं तीन तऱ्हेची.

"चौथाही वेगळाच असणार," आर्किटेक्ट म्हणाला. "जुना फोटो कुठेच मिळत नाही. तुम्हीच घडवा. माणूस वाटला पाहिजे मात्र, फुगा नको."

चुनाताईंनी घडवला तो फुगाच झाला. दुसरा घडवला, त्याची दाढ दुखत असावी असं वाटायला लागलं. मग नवऱ्याला समोर बसवलं, तर गाल फुगवले की त्याला हसू फुटायचं.

शेवटी त्यांना सासरे आठवले. सासरे शिंपीकामातून निवृत्त झालेले आणि रुसण्यात पटाईत. रुसले की गाल फुगवून, भुवया चढवून खिडकीपाशी बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चुनाताईंनी त्यांच्या चहात साखर घातलीच नाही.

"सूनबाई, हे काय आहे?"

"चहा, बाबा. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितलीय ना."

डॉक्टरांनी ते सांगून जमाना झाला होता. सासरे खिडकीपाशी जाऊन बसले. चुनाताई दाराआडून मातीचा गोळा घेऊन कामाला लागल्या. डावा गाल झकास उतरला, पण तोवर रुसवा ओसरायला लागला.

"बाबा, यांच्या कोटाची बाही तुम्हीच शिवली होती ना?" त्यांनी आतूनच विचारलं. "जरा तिरकी वाटते."

गाल पुन्हा टम्म. पण आपल्या बाहीला नावं ठेवलेली सासऱ्यांना सहन होईना. जाब विचारायला ते तरातरा आत आले आणि मातीच्या डोक्यासमोर थबकले.

"हा कोण?"

"वारा."

"याचं नाक माझं आहे."

चुनाताईंनी सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी मातीच्या नाकावरून एकदा बोट फिरवलं.

"म्हणजे बाही तिरकी नाही?"

"अगदी सरळ आहे, बाबा."

"मग आधी ते सांगायचं."

झालं, रुसवा पळाला. उजव्या गालासाठी सासऱ्यांनी पुन्हा रुसायचा मनापासून प्रयत्न केला, पण छतावर विराजमान होण्याच्या आनंदात ते काही जमेना. चुनाताईंनी समोर दिसलं तसं उतरवलं.

वारा छताला बसला तेव्हा आर्किटेक्ट मान वर करून बघत राहिला.

"उजवीकडून हसतोय का हा?"

"थोडासा."

"राहू द्या. बाकीचे तिघं फारच गंभीर आहेत."

वाचनालय सुरू झालं. जन्मात पुस्तक न उघडलेले सासरे आता रोज तिथे जातात आणि आपल्या वाऱ्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यातली खुर्ची धरतात. कुणाची नजर वर गेली की हळूच खाकरतात. एकदा शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं तोंड असं का हो?"

"घरच्यांनी छळलं असेल," सासरे म्हणाले आणि मासिकात डोकं खुपसून बसले.