उघाडीच्या फटीतला हात

माझी सासू आवडाबाई चिखलात हात घालताना डोळे मिटायची. लग्न होऊन कोपरला आले तेव्हा मला वाटलं, बाई देवाचं नाव घेत असेल. मी साताऱ्याकडची, कोरड्या रानातली. खाडीचा वास आला की पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावला, आणि तो तिने बरोबर पाहिला. दुसऱ्या दिवशी मला सोबत नेलं, गुडघाभर चिखलात उभं केलं आणि स्वतः एका बिळात खांद्यापर्यंत हात घालून, गाल चिखलाला टेकून, झोपल्यासारखी पडून राहिली. बराच वेळ काहीच घडलं नाही. वर बगळे होते, धुकं होतं, ओहोटीचं पाणी कुठेतरी लांबून निथळत होतं. मग तिचा हात हळूहळू बाहेर आला आणि हातात ही एवढी चिंबोरी, आमच्याकडे खेकडा म्हणतात ती.

"आकडीनं का नाही काढत?" मी विचारलं. बाकीच्या बायका लोखंडी आकडी वापरत.

"गो तुलसा, आकडीला काय कलतंय? तिचा पाय मोरतंय. हातानं बगायचं."

माझं नाव तुळसा. तिच्या बोलीत ळचा ल आणि डचा र व्हायचा, म्हणून तिच्या तोंडी ते शेवटपर्यंत तुलसाच राहिलं. मला राग यायचा, पण सांगून उपयोग नव्हता. माझी सासू जगातली सगळ्यात हट्टी बाई होती, हे मी अगदी जबाबदारीने सांगते.

नाही, एक आणखी होती. तिची धाकटी बहीण रंभा.

रंभामावशी ठाण्याला माजिवड्यात दिलेली. दोघींच्या बापाचं कोपर आणि दिव्याच्या मध्ये खाजण होतं, खाऱ्या पाण्यातलं भातशेत. बांध फुटून ते कधीच खाडीत गेलं होतं. उरली होती फक्त दगडी उघाडी, म्हणजे शेतात भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची जुनी मोरी. तिथल्या चिंबोऱ्यांवर दोघी बहिणींचा हक्क. एकत्र जायच्या, चिखलात पडून गप्पा मारायच्या. मग १९८४ साली रंभामावशीच्या पोराच्या हळदीत मानाचं लुगडं माझ्या सासूबाईंच्या आधी रंभामावशीच्या नणंदेला गेलं. सासूबाई जेवणाच्या पानावरून उठल्या. झालं, अबोला.

पण खाडी तर एकच. मग वाटणी झाली. अमावास्येची चिंबोरी मांसाने भरलेली असते आणि पौर्णिमेची पोकळ, असं इथली सगळी माणसं मानतात. भांडण इतकं कडाक्याचं, तरी वाटणी ठरवायला मधला माणूस आला तेव्हा सासूबाई त्याला म्हणाल्या, "तिला सांग आवस तू घे. लांबून येतंय. मी पुनवेला जाईन." भरलेल्या चिंबोऱ्या बहिणीला आणि वर तोंड फुगवून बसायचं. मला तर हे भांडण कधी कळलंच नाही.

आणि एक खेळ होता, तो थांबला नाही. उघाडीच्या दगडांत कोपरभर खोल एक फट होती. लहानपणापासून एकीने तिथे काहीतरी लपवायचं आणि दुसरीने हाताने चाचपून काढायचं. वाकून बघायचं नाही, हा नियम. अबोल्यातही अमावास्येला रंभा ठेवून जाई, पौर्णिमेला आवडा काढी आणि आपलं ठेवी. कवड्या, फणी, मशेरीची डबी, खोबऱ्याची वाटी. रंभेला नातू झाला ते आम्हाला फटीतून निघालेल्या बाळाच्या वाळ्यावरून कळलं. सासूबाई तो मुठीत धरून घरभर फिरत होत्या आणि कोणी विचारलं की म्हणायच्या, "मना काय त्याचं?"

माझे सासरे दामाजी रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होते. ते वारले तेव्हा रंभामावशी आली. स्वयंपाक केला, भांडी घासली, बहिणीला स्वतःच्या हाताने चार घास भरवले. एक शब्द बोलली नाही. सासूबाईही नाहीत. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला दोघींच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटत होता.

हळूहळू खाडी बदलत गेली. आधी भरतीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या यायच्या, त्या कोणाला काही करत नव्हत्या. मग ट्यूबलाइटच्या काचा यायला लागल्या. एकदा झाकण बंद असलेलं निळं पिंप तिवरांच्या झाडीत अडकलं. कान्हा नावाच्या आमच्या शेजाऱ्याने पाणी साठवायला चांगलं म्हणून उघडलं, तर त्यातून वाफ आली आणि त्याचे डोळे आठवडाभर सुजले. कोण टाकतं, कुठून टाकतं, कोणालाच माहीत नाही. बायका पायात फाटके का होईना पण बूट घालायला लागल्या. सासूबाई अनवाणी जायच्या. "माजी खाडी मना चावनार नाय," म्हणायच्या. बापाच्या अंगणाबद्दल माणूस जसं बोलेल तसं.

१९९३च्या थंडीत, पौषातल्या पुनवेला त्या घरी आल्या त्या उजव्या हाताला पदर गुंडाळून. पदर लाल झाला होता. फटीत हात घातला, मऊ काहीतरी लागलं, रंभेने कापडात गुंडाळून ठेवलं असेल म्हणून त्यांनी मुठीत दाबलं. ती दवाखान्याच्या कचऱ्याची पिशवी होती, वाहत येऊन फटीत गच्च बसलेली. सुया तळव्यात घुसल्या.

मी त्यांना ओढतच डोंबिवलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, हात बांधला आणि सांगितलं की रक्त आता तपासू आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासू. कशासाठी, ते हळू आवाजात मला एकटीला सांगितलं. (पुढे सगळं ठीक निघालं, हे इथेच सांगून टाकते.) पण सासूबाईंना त्यातलं काही ऐकायचंच नव्हतं.

"आवसेला रंभी येल," त्या म्हणाल्या. "ती पन दाबल."

माझा नवरा चंदू म्हणाला, "मी माजिवड्याला जाऊन सांगून येतो."

"खबरदार! निरोप धाडला म्हंजे मी आधी बोलले."

"मग फट दगडाने बुजवू."

त्या म्हणाल्या, "बुजलेली बगून ती काय समजल? मी नातं तोरलं."

पिशवी आकडीने ओढून काढू असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "एक गेली तर भरती दुसरी आनल." शेवटी तोडगा त्यांनीच काढला. सासऱ्यांचं रेल्वेतलं लाल निशाण पेटीत होतं. लाल म्हणजे धोका, लाल म्हणजे थांब. या घरात चंदू रांगत होता तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी, बांधलेला हात छातीशी धरून, त्या गेल्या आणि उघाडीवर वाकलेल्या तिवराच्या फांदीला ते निशाण बांधून आल्या. मग कुठे त्यांना झोप लागली.

ते पंधरा दिवस माझ्या आठवणीत धुरकट आहेत. सासूबाई कामाला जाऊ शकत नव्हत्या. दुपारी ओट्यावर उन्हात बसायच्या, डोळे मिटून, डाव्या हाताची बोटं हलवत. खाडी त्यांना तिथे बसूनही लागत असावी. मध्येच म्हणायच्या, "आता पानी वलला." मी बघायला जायचे तर खरंच भरती वळलेली असायची. मला त्या वेळी त्यांची फार माया वाटली. याआधी वाटली नव्हती असं नाही, पण या बाईला काही होईल अशी भीती पहिल्यांदाच वाटली.

अमावास्येच्या आदल्या दुपारी त्या ओट्यावरच पेंगल्या आणि ओरडून जाग्या झाल्या. मी धावले.

"रंभी होती गो. निशानाच्या पाया परत होती. नारल फोरला नि हात घातला."

"स्वप्न होतं."

"सपान कशाला? खरंच करल ती!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तिवराला लाल फडकं म्हंजे काय? देव! तिच्या घरी रेलवे कवा होती?"

आणि मला एकदम दिसलं. आमच्या घरात लाल म्हणजे थांब. पण खाडीकाठच्या कुठल्याही बाईला झाडाला बांधलेलं लाल फडकं दिसलं तर ती काय करेल? चप्पल काढेल, जवळ जाईल, हात जोडेल. आणि त्याच्या खाली फट असेल तर बांगडी नाही तर सुपारी आत सोडेल. आम्ही धोक्याची खूण केली नव्हती, आमंत्रण दिलं होतं.

पहाटे ओहोटी सरायच्या आत आम्ही दोघी निघालो; मी आकडी आणि पाण्याचा तांब्या घेतला. बांधावर इतकं धुकं होतं की पुढे चालणाऱ्या सासूबाईंचं फक्त लुगडं दिसत होतं, पाय दिसतच नव्हते. मी दोनदा घसरले. एकदा तर चिखलाने माझा बूटच ओढून घेतला आणि त्यांना थांबून तो काढावा लागला. साताऱ्याच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी तो काढला. त्यांचा जीव टांगणीला लागला होता, ते त्या शिव्यांतूनच कळत होतं.

तिवर दिसला. निशाणाला हळदकुंकू लागलेलं, फांदीला झेंडूची माळ, खाली नारळाची दोन भकलं आणि विझलेल्या उदबत्त्या. चार गावच्या बायका येऊन गेल्या होत्या. आणि त्या धुक्यात, आमच्याकडे पाठ करून, हात जोडून रंभामावशी उभी होती. पाटी बाजूला ठेवली होती. ती खाली बसली आणि बाही वर सारली.

"रंभे!" सासूबाई ओरडल्या.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला रंभामावशीची पाठ ताठ झालेली स्पष्ट दिसली. तिने ऐकलं होतं. पण वळली नाही. नऊ वर्षांची सवय. मोठीने हाक मारली म्हणून लगेच वळायचं?

"रंभे, हात नको घालू!"

तिने मुद्दाम घातला.

सासूबाई बांधावरून खाली कशा गेल्या मला सांगता येणार नाही. पन्नाशी ओलांडलेली बाई चिखलावरून अक्षरशः घसरत गेली आणि रंभामावशीचा दंड तिने पकडला. ओढला मात्र नाही. "हलू नको," म्हणाली, एकदम हळू आवाजात. "मूठ नको मिटू. तशीच र्‍हा." मग तिने आपला तो पट्टी बांधलेला हात रंभेच्या हातावरून सरकवत फटीत घातला, मनगटापर्यंत, बोटांपर्यंत, आणि बहिणीची बोटं आपल्या पट्टीखाली झाकून घेतली. दोघींनी डोळे मिटले होते. धुक्यात फक्त दोन खांदे दिसत होते, एकाच दगडात शिरलेले.

दोन्ही हात एकत्र बाहेर आले.

सासूबाईंनी तांब्यातलं पिण्याचं पाणी त्या हातावर ओतलं. एकेक बोट उलटंसुलटं करून पाहिलं, नखाखाली पाहिलं, तळवा दाबून पाहिला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग माझ्या हातातली आकडी मागून घेतली, जिला आयुष्यभर नावं ठेवली तीच, आणि लांब उभं राहून ती पिशवी बाहेर ओढली. सुया, काचेच्या फुटक्या बाटल्या, काळपट कापूस. रंभामावशी बघत राहिली. तोंडाला अजून कुलूपच. मला वाटलं, ही आता पाटी उचलून तशीच दिवा स्टेशनकडे चालू लागेल, आणि मग मात्र मी खरोखर धपाटा घालीन.

पण तिची नजर सासूबाईंच्या हातावर गेली. चिखलाने माखलेली पट्टी, आणि त्यातून परत फुटलेलं रक्त. तिने पिशवीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं.

"तुला हे टोचलं?" ती म्हणाली. "पुनवेला टोचलं? नि मना सांगलंस नाय?"

"कशी सांगू गो?" सासूबाई म्हणाल्या. "आपन बोलत नव्हतो ना."

मग त्या दोघी भांडल्या. तिथेच, चिखलात उभ्या राहून, एकमेकींचे हात घट्ट धरून, लुगड्यावरून, नणंदेवरून, कोणी आधी बोलायचं यावरून, पोटभर भांडल्या. भरतीचं पाणी घोट्याला लागलं तरी थांबेनात. शेवटी मीच दोघींना ओढत बांधावर आणलं, आणि घरी येईपर्यंत त्या दोघींनी मला एक शब्द बोलू दिला नाही.