मठपती साहेबांनी अडवलेले पंप

श्री. गुरुनाथ मठपती साहेबांची आणि माझी पहिली भेट दिल्लीत झाली. देशाबाहेर जाणारी यंत्रे घातक शस्त्रे बनवणाऱ्यांच्या हाती पडू नयेत, म्हणून निर्यातीचे परवाने तपासणाऱ्या कार्यालयात मी त्यांचा सहायक म्हणून रुजू झालो. साहेब मूळचे जळकोटचे. माझे गाव भोकर आहे हे कळताच त्यांनी विचारले, "पाणी हाय का तिकडं?" मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ होता. मी नाही म्हणालो.

पुढे लातूरच्या एका कारखानदाराचा निर्यात परवान्यासाठी अर्ज आला. लातूर नुकताच जिल्हा झालेला, औद्योगिक वसाहत नवी. अर्जात लिहिले होते, शेतीचे पंप. साहेब मला घेऊन स्वतः तिथे गेले आणि एक पंप उघडायला लावला. आत तीव्र आम्लानेही न गंजणारे अस्तर होते, विषारी रसायनांच्या कारखान्यात लागते तसले.

"अप्पा, विहिरीच्या पाण्याला हे अस्तर कशाला?" साहेबांनी कारखानदारांना विचारले.

"गिऱ्हाईक मागायलंय, आम्ही द्यायलोत," कारखानदार म्हणाले. "साहेब, तुम्ही आपल्याकडचेच. दुष्काळात लोकांच्या हाताला काम हाय. तुम्हीच आडवे आलात तर कुणाकडं बघावं?"

साहेबांनी परदेशात चौकशी करवली. गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर निघाली एक कुलूपबंद खोली. परवाना नाकारला गेला. मात्र दुष्काळी कामांसाठी सरकार साधे पंप घेत आहे, निविदा भरा, असे साहेबांनी अप्पांना आवर्जून कळवले. अप्पांना ते काम मिळाले. एकही कामगार घरी बसला नाही.

आणि साहेबांना काय मिळाले? मागासलेल्या भागाच्या प्रगतीत खोडा घालणारा अधिकारी, असा शिक्का. वरिष्ठांनी त्यांची बदली काम नसलेल्या विभागात केली, बढती रोखली. जळकोटात त्यांच्या वडिलांच्या दुकानाची पायरी लोक चढेनासे झाले.

त्याच गिऱ्हाइकाने पुढे दुसऱ्या देशातून तसलेच पंप मिळवले. त्या पंपांच्या आधारे विषारी वायू तयार झाला, माणसे मेली. बातमी सर्वांनी वाचली. पण बदलीच्या हुकमावर सही करणाऱ्यांपैकी एकानेही साहेबांना 'चुकलो' म्हटले नाही. त्यांतले काहीजण आज साहेबांच्या वाढदिवसाच्या या सत्काराला हार घेऊन येणार आहेत, याची मला चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

"तुम्ही गप्प कसे राहता?" मी परवा विचारले.

"आपला माल गेला न्हाई ना? मग मला झोप लागती," साहेब म्हणाले.

साहेबांना निरोगी शंभरी लाभो. ज्यांचे साहेबांची माफी मागायचे राहिले आहे, त्यांनाही तेवढेच आयुष्य मिळो. वेळ मिळाला नाही, असे त्यांना म्हणता येऊ नये.