दादा मुद्दाम हरला तो डाव

लग्नानंतर मी नेदरलँड्सला निघाले त्या सकाळी काष्टीच्या आमच्या घरासमोर गाडी उभी होती आणि आई माझी बॅग पुन्हा उघडून बघत होती. चटणीच्या डब्याखाली तिला पत्त्यांचा डेक सापडला.

"ह्ये खेळून संसार करनार हाय का?"

दादानं तो तिच्या हातून घेऊन परत बॅगेत टाकला. "ऱ्हाऊ दे. तिकडं बी कुनाकडून तरी हरंल."

दादा असाच बोलायचा. पुण्याच्या हॉस्टेलवर तो एक व्हिडिओ गेम खेळायचा. त्याच गेममधल्या योद्ध्यांचे पत्ते निघाले, ते त्यानं आम्हा दोघांसाठी आणले. समोरासमोर बसायचं, आपापले योद्धे उतरवायचे आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. गावात हा खेळ दुसऱ्या कुणाला येत नव्हता, त्यामुळे त्याला मी लागायचे आणि मला तो. मी लहान म्हणून त्यानं एकही डाव सोडला नाही. माझा शेवटचा योद्धा मारून म्हणायचा, "रडून घे, तवर पिसतो." मी रडायचे आणि परत बसायचे. आमच्या घरात मला बरोबरीचं धरणारा तो एकटाच होता.

आइंडहोव्हनला आले. सायकल शिकले, भाकरीऐवजी ब्रेडची सवय लावून घेतली. एका दुकानात शनिवारी हा खेळ चालतो म्हणून कळलं, तिथं जायला लागले. जिंकले की दादाला व्हिडिओ कॉल करायचे. तो म्हणायचा, "समोरचा येडा असंल."

मग आबा, आमचे वडील, गेले. जमिनीला वारस म्हणून आई, दादा आणि मी, अशी तिघांची नावं लागली.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा दादानं स्वतःहून पत्ते काढले. वहिनीनं चहा आणला, आई जवळ येऊन बसली. त्या दुपारी मी जिंकले. दादाविरुद्ध आयुष्यात पहिल्यांदा.

"तू लई हुशार झाली बाई, आमचं काय चालतंय आता!" दादा हसला. मी लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होते.

पत्ते गोळा करताना त्यानं पालथे ठेवलेले हातातले पत्ते मी उलटून पाहिले. त्यातल्या एकाच पत्त्यानं माझा किल्ला केव्हाच पडला असता. तो त्यानं उतरवलाच नव्हता. मी वर पाहिलं, तर तो आईकडे बघत होता.

"उद्या श्रीगोंद्याला जाऊन येऊ," तो म्हणाला. "हक्कसोडपत्रावर सही करायची हाय. समद्याच बहिनी करत्यात."

त्यानं फोनवर नुसतं सांगितलं असतं तरी मी सही केली असती. इतक्या लांब राहून मला जमीन काय करायची होती? पण मला आधी खूश करायचं, मग सही घ्यायची, असं त्यांचं आधीच ठरलं होतं.

"मी सही करणार नाही."

"कशापायी?"

"तू हरलास म्हणून."

त्याला कळलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "मग तू पाहुनी. पाहुन्यानं जेवावं आन् जावं."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल असं मला खरंच वाटलं होतं. ती म्हणाली, "मला ह्याच्याच दारात मरायचं हाय. तुला काय, तू गेलेलीच हायेस."

वहिनीनं माझा अर्धा राहिलेला चहा उचलून नेला.

आता दादा फोन घेत नाही. घरी कुणी नसलं की आई करते. जेवलीस का, हे विचारायच्या आधी विचारते, "सही कवा करतीस?" मी म्हणते, "जेवले." ती फोन ठेवते.

गावी राहिलेल्यांना मी हावरट वाटते, माहीत आहे मला. माझ्यासारखे निघून आलेले म्हणतात, देऊन टाक, सुटशील. पण आई, दादा आणि मी एकाखाली एक अजून फक्त त्या सातबाऱ्यावर आहोत. माझं घर आता तेवढंच उरलंय. तिथून मी उठणार नाही.