सुनेच्या साड्यांमधली पांढरी पुडी

जेवताना कुणी पानात वरून मीठ मागितलं, की दिंडोरीकडची ती सून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. मी नुसता घसा खाकरून दरोडेखोरांना रडवलेलं आहे. मी ठाण्यात ओरडलो, की पिंपळगावला कांद्याचे टेम्पो हायवेवर ब्रेक मारायचे. खोटं वाटत असेल, तर तेव्हाचे ड्रायव्हर शोधून विचारा. पण त्या प्रकरणात माझा आवाज काडीच्या कामाचा ठरला नाही.

खबर आणली खुद्द सासूने.

"साहेब, सून माझ्या पोराला इख घालती. ताकात पांढरी पूड टाकती. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलंय."

पोरगा तिशीतला द्राक्षबागाईतदार. अंगात जोर नाही, उलट्या, वजन उतरलेलं, उभा राहिला की चक्कर. आमच्या भागात फवारणी करणाऱ्याला उलटी झाली, की निदान तयारच असतं. औषध बाधलं! याने फवारणी सोडली, तरी खंगतच गेला. रंग इतका काळवंडला, की भाऊबंद म्हणू लागले, विष अंगावर उतरलं. गावच्या दवाखान्यात सलाईन लावलं की गडी उठून बसायचा, गप्पा मारायचा. घरी बायकोच्या हातचे चार घास खाल्ले की पुन्हा आडवा. सासूचा संशय पक्का झाला, आणि कुठल्याही फौजदाराचा झाला असता.

पंचांसमक्ष घराची झडती घेतली. सुनेच्या साड्यांच्या घड्यांत पुडी सापडली. ती जप्त केली, लाखेचं सील मारून प्रयोगशाळेकडे रवाना केली. तिकडून अहवाल येईपर्यंत द्राक्षांचे बेदाणे होतात, म्हणून महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून चौकशी सुरू केली. सुनेचं माहेर नामपूरकडचं. घाबरली की माहेरची अहिराणी तोंडात यायची.

"पुडीत काय आहे?"

"मीठ शे, साहेब."

"मीठ साड्यांत ठेवतात होय?"

"वैद्यानं पथ्य सांगितलं म्हणून सासूबाईंनी यांना अळणी धरलंय. हे माझ्याकडं चोरून मागतात. ताकात कितीबी टाकलं तरी म्हणतात, अजून टाक. यांनाच विचारा ना!"

हवालदार हसला. "साहेब, आजवर पकडलेली सगळी गांजेकस मंडळी निदान तंबाखू तरी म्हणायची. मीठ म्हणणारी ही पहिलीच."

नवऱ्याला तोवर नाशकात मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. आई उशाशी.

"काय रे, तू बायकोकडे मीठ मागायचास?"

त्याने आईकडे पाहिलं. मग छताकडे.

"मला काय ठाऊक नाय, साहेब."

झालं. बाईची एकुलती एक साक्ष उडाली. आता तिची अटक निव्वळ माझ्या सहीवर अडली होती. पण ते छत माझ्या डोक्यातून जाईना. सराईत गुन्हेगार खोटं बोलताना सरळ माझ्या डोळ्यांत बघतो. छताकडे बघतो तो घरातला माणूस.

दुसऱ्या दिवशी मी गंगापूर रोडवरून पेरू घेतले, मीठ वेगळं बांधून घेतलं. म्हातारीला जबाबावर अंगठा द्यायला बाहेर पाठवलं आणि पेरूच्या फोडी त्याच्यापुढे ठेवल्या. गड्याने फोडींना हात लावला नाही. मिठाची पुडी उघडली आणि पोरं साखरेचा बकाणा भरतात तसा मिठाचा बकाणा भरला!

त्याच वेळी डॉक्टरीणबाई राऊंडवर आल्या आणि जागीच थबकल्या.

"असं मीठ कधीपासून खातोस?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी त्याला तोंड उघडायला लावलं. हिरड्यांवर शाई सांडल्यासारखे डाग. तळहाताच्या रेषाही काळ्या.

"हे विषाचं काम दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. ती बंद पडली असावी. मग अंगात मीठ टिकत नाही."

"मग सलाईनवर कसा उठून बसतो?"

"सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच की, साहेब!"

म्हणजे जे बाटलीतून शिरेत गेलं ते औषध, आणि बायकोच्या हातून ताकात गेलं ते विष. तपासण्यांनी बाईंचा अंदाज खरा ठरवला. कधीतरी झालेल्या क्षयाने ती ग्रंथी गुपचूप खाऊन टाकली होती. इतका सराईत आरोपी मला उभ्या नोकरीत भेटला नाही. जन्मभराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गडी सावरला. प्रयोगशाळेचा अहवाल सावकाश आला. खाण्याचं मीठ.

प्रकरण बंद केलं त्या दिवशी सून शेवटची सही करायला माहेरहून ठाण्यात आली होती; मायलेक तिला न्यायला तिथेच आले.

"झालं गेलं सोड आता," सासू म्हणाली. "चल घरी. सैपाकाचा खोळंबा झालाय."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "मीठ कोण मागत होतं, तेवढं साहेबांपुढं सांगा. लगेच येते."

त्याचा रंग उजळला होता, पाठ सरळ झाली होती. आवाजही खणखणीत असणार. त्याने आईकडे पाहिलं, मग छताकडे.

सून नामपूरच्या एसटीत बसली.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. ग्रंथी बंद पडली तर गोळी मिळते. जीभ बंद पडली तर तिच्यावर ना डॉक्टरकडे इलाज आहे, ना कायद्यात कलम. ती सगळी गेल्यावर मीही मान वर करून ठाण्याचं छत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन पाली आणि जळमटं. बायकोकडे बघायचं सोडून बघावं असं तिथे काही नव्हतं.