रोपांची नोंद कोणी पुसली?

निवृत्तीनंतर बरेचसे गुन्हे त्यांच्या क्रमांकांसकट विसरलो. केळीच्या रोपांचा तो एक गुन्हा मात्र अजून मनातून जात नाही. मला लिहिण्याची सवय नाही, आणि स्वतःविषयी लिहिण्याचा संकोच तर त्याहून मोठा. तरीही तो तपास जसा झाला तसा सांगतो. नावे कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातील एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. चोपडा भागात केळीची टिश्यू कल्चर रोपे तयार करणारी एक रोपवाटिका होती. तिच्या मालकांना सगळे आबा म्हणत. त्यांनी पाठवलेल्या रोपांवर हरण्या निघाला. हा विषाणूरोग पानांवर पिवळे पट्टे आणतो आणि झाड खुरटवून टाकतो. यावलकडचे शेतकरी उपटलेली रोपे ट्रॅक्टरमध्ये भरून आबांच्या दारात आले.

रोपांची तपासणी तिथे नोकरीला असलेली एक तरुणी करीत असे. ती शेडनेटमध्ये फिरून प्रत्येक तुकडीची नोंद मोबाईलवरून क्लाउडमध्ये भरे. तीच फाइल ऑफिसातल्या संगणकावरही असे आणि दर काही मिनिटांनी दोन्ही नकला आपोआप जुळवल्या जात. ती रोगट तुकडी आपण 'बाद' ठरवली होती, असे तिचे म्हणणे होते. संगणकात मात्र ती 'पाठवण्यास योग्य' दिसत होती. आबांनी तिच्यावरच नोंद बदलल्याची फिर्याद दिली.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. मला त्यातले फारसे कळत नव्हते. ज्यांना कळत होते त्या उपनिरीक्षक बाई सहा महिन्यांपूर्वीच ठाण्यात रुजू झाल्या होत्या. गुन्हे आढावा बैठकीत वरिष्ठ प्रश्न मला विचारीत आणि उत्तरासाठी त्यांच्याकडे पाहत. माझे जुने हवालदारही माझ्या केबिनवरून पुढे जाऊन त्यांच्या टेबलाशी थांबत. हे मला सहन होत नव्हते. या गुन्ह्यात त्यांची मदत घेणे स्वाभाविक होते. मी त्यांना आठवडे बाजाराच्या बंदोबस्तावर पाठवले.

दुसऱ्याच दिवशी रोपवाटिकेचे जुने मुकादम ठाण्यात आले. धुळ्याकडचे, वयस्कर, त्यांना नाना म्हणत. ते बाकावर अगदी कडेला बसले आणि आवाज उतरवून अहिराणीत म्हणाले, "सायेब, ती पोर बठ्ठं मोबाईलमा भरस. दुसरा नर्सरीवालाले फोटो देस, आसं मले वाटस."

"दुसऱ्यांना फोटो देताना पाहिलंत का तुम्ही?"

"देखं नही. पन मी तीस वरीस वही लिखी, एक बी पान फाटनं नही. आते आबा मले इचारत बी नही. तिलेच इचारतस."

शेवटच्या वाक्यात त्यांचे सगळे दुखणे होते. पोलिसाला खबरीची खबर आणि खबरीचा हेतू वेगवेगळे तोलता आले पाहिजेत, असे मी नव्या शिपायांना शिकवीत असे. त्या दिवशी मी ते केले नाही. नानांचे दुखणे मला फार ओळखीचे वाटले, आणि म्हणूनच खरे वाटले.

मी जीप घेऊन गेलो. ऑफिसच्या संगणकाचा पंचनामा केला आणि त्या तरुणीला कामावरच्या पंचवीस-तीस बायकांसमोर गाडीत बसवून चौकशीसाठी ठाण्यात आणले. महिला शिपाई समोर बसवून विचारपूस सुरू केली.

"तुम्ही 'बाद' लिहिलं, मग ते गेलं कुठे?"

"तेच मी आबांना विचारत होते, साहेब. ते म्हणाले, तुझ्याच हातून राहिलं असेल."

"म्हणजे आधीही झालं होतं?"

"दोनदा. दोन्ही वेळा सकाळचं. दुपारी भरलेलं कधीच जात नाही."

खोटे बोलणारा माणूस तिसऱ्यांदा सांगताना काहीतरी भर घालतो. हिने तिन्ही वेळा तेवढेच सांगितले. मी ते लिहून घेतले, पण त्यावर विचार केला नाही. अटक झाली असती तर तालुक्यातल्या कोणत्याही रोपवाटिकेने तिला पुन्हा दारात उभे केले नसते. तिला संध्याकाळी घरी जाऊ दिले, पण अटकेचे कागद दुसऱ्या दिवसासाठी तयार ठेवले.

सकाळी उपनिरीक्षक बाई केबिनमध्ये आल्या. माझ्या परवानगीवाचून त्यांनी कागद वाचले होते.

"सर, हा पंचनामा तुमच्या हातचा आहे ना?"

"का? काही चुकलं?"

"नाही सर, फार बरोबर आहे. म्हणून तर सापडलं."

पंचनाम्यात संगणकावरील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ अशा दोन नोंदी घ्याव्या लागतात. मी अकरा बत्तीस आणि अकरा बारा असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते. रकाना होता, म्हणून भरला होता.

आबांना बोलावून विचारले, "ऑफिसच्या संगणकाचं घड्याळ पुढे कोणी केलं?"

आबा हसले. "मीच की! घरचं घड्याळही पुढंच आहे माझं. बाया त्याच संगणकावर अंगठा लावून हजेरी देतात. वीस मिनिटं पुढं ठेवलं की बरोबर वेळेवर येतात. मेलं आपोआप मागं यायचं, म्हणून ती सेटिंगच बंद केली."

मग उपनिरीक्षक बाईंनी समजावून सांगितले. नाना रोज सकाळी दहाला ऑफिसात तुकडीची फाइल उघडून पाणी-खत भरीत; तिच्यावर दहा वीसची वेळ पडे. ती तरुणी शेडनेटमधून दहा दहाला 'बाद' लिही. नकला जुळवणाऱ्या प्रोग्रामला नानांचीच फाइल नंतरची वाटे आणि तो तरुणीचे 'बाद' पुसून नानांच्या फाइलमधले आधीचे 'पाठवण्यास योग्य' परत आणी. दुपारी नाना फाइलला हात लावीत नसत. पंचांसमोर एक कोरी फाइल घेऊन आम्ही हे करून पाहिले, तसेच घडले. क्लाउडमध्ये जुन्या आवृत्त्या साठवलेल्या होत्या, त्यांत तिची 'बाद' ही नोंद जशीच्या तशी सापडली. ती पहिल्या दिवशीच मागता आली असती.

गैरसमजातून फिर्याद झाली, म्हणून 'क' समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात पाठवायचे ठरले. मी त्या तरुणीला तसे सांगितले. ती म्हणाली, "साहेब, नेलंत तेव्हा सगळे बघत होते. सुटले हे कागदावर कोण वाचणार?"

म्हणून मी पुन्हा रोपवाटिकेत गेलो. चारचौघांत बोलण्याचा मला पहिल्यापासून संकोच. तरी सगळ्यांना बोलावून सांगितले, की या ताईंची नोंद खरी होती आणि चूक घड्याळाची होती. आबांनी मान खाली घातली. नाना पुढे येऊन तिला म्हणाले, "अक्का, मनी चूक व्हयनी." मला वाटले, एवढे मोठे मन आपल्याला जमले नसते.

तेवढ्यात त्यांनीच मला विचारले, "पन सायेब, हाई शोधं कोनी?"

उपनिरीक्षक बाई माझ्या मागे दोन पावलांवर उभ्या होत्या. मी म्हणालो, "पंचनामा मी केला होता, त्यातच सापडलं."

वाक्यात खोटे काही नव्हते. संशयिताच्या तोंडून आलेले असे वाक्य मी सोडले नसते. खोदून पुढचे विचारले असते. हेवा करणाऱ्याची खबर पारखून घ्यावी, हे मी नोकरीभर इतरांना शिकवले. त्या दिवशी खबर देणारा मीच होतो. त्या बाईंनी ती ऐकली आणि माझी उलटतपासणी केली नाही.