गुडघ्यावर दाबलेलं खोगीर

"तुला ठाऊक होतं, दादा?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

पडद्याच्या एका बाजूला दुकान, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या बाजूला वहिनी चहाचे दोन पेले घेऊन उभी.

"पाच महिने दर शनिवारी ह्याच स्टुलावर बसून मी त्या घोडीचं रडगाणं गातोय. आणि तू मान डोलावतोयस."

"दोनदा अगदी तोंडाशी आलं होतं रे."

"आलं, आणि चहाबरोबर गिळलंस. वर सल्ला दिलास. काय म्हणालास? लाड पुरे झाले, एक दे ठेवून. दिली मी. तुझ्या शब्दावर दिली."

"मला काय कल्पना, तू खरंच..."

"वहिनीला ठाऊक होतं?"

पेल्यातला चहा बशीत सांडला.

"तिला काय ठाऊक? ती आपली टाके घालते," दादा म्हणाले.

वहिनी दोन्ही पेले घेऊन आल्या पावली मागे फिरली. तो चहा कुणीच प्यायला नाही.

आता भाऊजी म्हणजे वहिनीचे धाकटे दीर. धंद्याने चाबुकस्वार. नवखी नाहीतर बिघडलेली घोडी माणसाळवून कामाला लावायची, हे त्यांचं काम. नावात चाबूक, पण खिशात कायम गाजर. वहिनीने धुवायला घेतलेल्या प्रत्येक कोटात एक सुकलेलं गाजर निघायचंच. लग्न केलं नाही. वहिनीने विषय काढला की म्हणायचे, "अहो, रोज सकाळी मुकाट्याने खरारा करून घेईल अशी कुणी असेल तर सांगा." थोरल्या भावाचं खोगिरांचं दुकान. थोरल्याने शिवायचं, धाकट्याने घोड्यावर चढवायचं. गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत भाऊजी कामाला होते आणि तिथली सगळी खोगिरं ह्याच दुकानात यायची. दर शनिवारी भाऊजी फाटकंतुटकं घेऊन यायचे, दुरुस्त झालेलं घेऊन जायचे. मधल्या वेळात स्टूल, चहा आणि गप्पा.

त्या साली शाळेच्या मालकीणबाईंनी एक काळीभोर घोडी विकत घेतली. पाय असे बारीक, की बघणाऱ्यालाच धास्ती वाटावी. पण उडी! छातीएवढी आडकाठी तिला उंबऱ्यासारखी. पहिल्याच दिवशी कुणी न सांगता कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या कोबीत गेली आणि तशीच उडी मारून परत आली. भाऊजींनी तिचं नाव ठेवलं नाकतोडी.

अडचण एवढीच, की नाकतोडीला फक्त उडायचं होतं. सपाटीवरचं काम म्हणजे साधी चाल, दुडकी, गोल फेरी, थांबणं, चार पावलं मागे येणं. पाठीवर कुणी बसलं आणि हे मागितलं, की तीन पावलं टाकायची, कान मागे पाडायची, शेपूट झटकायची आणि खांब होऊन उभी. मालकीणबाई म्हणाल्या, "शिकायला येणारी माणसं पहिल्या दिवशी उड्या मारत नाहीत. पाच महिने देते. तेवढ्यात तिने माझ्यासमोर एक शहाणी फेरी मारली तर राहील, नाहीतर वीटभट्टीवाला मागतोच आहे गाडीला."

विटांच्या गाडीला असली घोडी! भाऊजींनी शनिवारी दुकानात हेच तीनदा सांगितलं.

पहिले तीन आठवडे ते तिच्यावर बसलेच नाहीत. लांब दोर घेऊन रिंगणात मधोमध उभे राहायचे आणि तोंडाने बोलत राहायचे. "वळ बाई. हळू. घाई आहे का आपल्याला?" दोरावर घोडी सोन्यासारखी. मग त्यांनी आडकाठ्या जमिनीवर ठेवल्या, की तिला वाटावं, उडीचंच काही आहे, आणि त्यावरून चालता चालता ती सपाटीवर यावी. दोरावर तेही केलं. खोगीर चढवून भाऊजी बसले, की पुन्हा खांब. ते उतरायचे, पोटाखालचा तंग सैल करायचे, पहिल्यापासून सुरुवात. वैतागून समोर एक आडकाठी उभी केली, की त्याच खोगिरात, त्यांनाच घेऊन भुर्रकन पार.

मग माणसाने काय समजावं? येतं, पण करायचं नाही.

नालबंद नाल ठोकता ठोकता म्हणाला, "आमच्या जावयासारखी आहे ही. मिरवायला न्या, सगळ्यांच्या पुढे. बादली उचलायला सांगा, पाठ दुखते." सगळे हसले. भाऊजीही हसले. त्या बोलण्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे खरे होते, पण हसण्याच्या भरात ते कुणी ऐकलेच नाहीत.

जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. काही नाही म्हणाले. लगाम बदलून झाला, खुराक बदलून झाला. एक खोगीर तेवढं कुणी पाहिलं नाही.

खोगिराच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो. तो धड आहे की नाही, हे पाहायची रीत सोपी. खोगीर गुडघ्यावर घ्यायचं, दोन्ही टोकं धरून स्वतःकडे ओढायचं आणि कान द्यायचा. धड असलं तर गप्प राहतं, चिरलेलं असलं तर कट् करतं. दुसऱ्या कुणाच्या हातचं असतं तर भाऊजींनी पहिल्याच आठवड्यात दाबून पाहिलं असतं. पण हे दादांनी नाकतोडीसाठी मुद्दाम केलेलं. भावाचं खोगीर दाबून बघणं म्हणजे जेवायला बसल्यावर वहिनीला विचारणं, की ताट नीट घासलंय ना.

आणि ते खोगीर चिरलेलंच होतं. शाळेला द्यायच्या आदल्या दिवशी दादा ते फळीवरून उतरवत होते, शिडी सरकली, खोगीर दगडी पायरीवर आपटलं. डाव्या बाजूला बोटभर चीर. नवा सांगाडा मागवायचा तर दोन महिने. दादांनी सरस लावला, लाकडाची पट्टी बसवली, वरून दोरा करकचून गुंडाळला आणि अस्तर शिवायला वहिनीकडे दिलं.

वहिनीने सुई ओवता ओवता विचारलं, "भाऊजींना सांगायला हवं ना?"

"सांगतो मी. नवा आला की बदलून टाकू, तेव्हाच सांगतो. हात घसरला म्हणून गावभर सांगत सुटू का?"

वहिनीने अस्तर शिवलं. असं सुबक शिवलं, की आत काही लपलंय अशी शंकाही येऊ नये. नवा सांगाडा मागवायचं आज-उद्या करता करता राहूनच गेलं. भाऊजी दर शनिवारी येऊन घोडीचं सांगायचे, दादा ऐकायचे, वहिनी चहा द्यायची. पहिल्या आठवड्यात सांगणं सोपं होतं. दहाव्या आठवड्यात, "इतके दिवस का नाही बोललात?" हा प्रश्नही आला असता. विसाव्या आठवड्यात तर वहिनी साखर विसरायला लागली.

आठवडा उरला तेव्हा भाऊजींनी खुंटीवरचा चाबूक काढला. आयुष्यात पहिल्यांदा. एकच मारला. नाकतोडी थरथरत एक फेरी चालली.

"चालली का?" त्या शनिवारी दुकानात दादांनी विचारलं.

"चालली. माझ्याकडे न बघता."

त्यानंतर दोनच दिवसांनी खरारा करताना भाऊजींचा हात थांबला. पाठीच्या डाव्या बाजूला, बरोबर खोगिराखाली, काळ्याभोर अंगात पांढऱ्या केसांचा तळहाताएवढा डाग. वरून सतत काही रुतत असलं, की घोड्याचे केस तिथे पांढरे येतात. त्यांनी खोगीर बाजूला ठेवलं, नुसती घोंगडी टाकली आणि वर बसले.

रिळावरून दोरा सुटावा तशी घोडी चालली. चाल, दुडकी, गोल फेरी, मागे चार पावलं. मागितलं नव्हतं तेही दिलं. पाच महिने शिकवलेलं सगळं तिला येत होतं. उडी मारताना स्वार रिकिबीत उभा असतो, त्याचा भार पाठीवरून उठतो आणि खेळ क्षणात संपतो. म्हणून तेवढं ती हसत करत होती. बसलेलं माणूस घेऊन फिरणं म्हणजे चिरलेलं लाकूड पाठीत घेऊन फिरणं.

भाऊजी उतरले. खोगीर गुडघ्यावर घेऊन दाबलं.

कट्.

तेच खोगीर घेऊन ते दुकानात आले. पुढचं पडद्यामागून ऐकलेलंच आहे.

मालकीणबाईंसमोर नुसत्या घोंगडीवर एक शहाणी फेरी झाली आणि घोडी राहिली. दीड महिना तिच्या पाठीला विश्रांती दिली, मालकीणबाईंनी दुसरं खोगीर आणलं, आणि त्यांच्या भाचीला घेऊन नाकतोडी सपाटीवर अशी चालायला लागली, की लोक कुंपणाला टेकून बघत राहायचे. शिकवणारे भाऊजीच, पण खाली उभे राहून. कारण घोंगडीवर घेतलं असलं, तरी खोगीर चढवून त्यांनी रिकिबीत पाय घालायला उचलला, की घोडी एक पाऊल बाजूला सरकायची. चावायची नाही, लाथ मारायची नाही. फक्त एक पाऊल. त्यांच्या हातचं गाजर खायची, पुन्हा पाय उचलला की पुन्हा पाऊल. भाऊजी तिच्यावर परत कधी बसले नाहीत.

दुकानात मात्र येत राहिले. दुसरा खोगीरवाला लांब होता आणि शाळेचं काम थांबवता येत नव्हतं. पण स्टुलावर बसले नाहीत, चहा घेतला नाही. एक पाय स्टुलावर ठेवायचे, दादांनी केलेलं खोगीर गुडघ्यावर घ्यायचे, दादांच्या देखत दाबायचे आणि कान द्यायचे. "ठीक आहे," म्हणायचे. दादा तेवढा वेळ खाली मान घालून वाद्या कापत बसायचे. कितीक वाद्या अशाने आखूड झाल्या.

वहिनीने शिवलेल्या वाद्या मात्र भाऊजी न बघता गुंडाळायचे. "वहिनींचे टाके आहेत ना? मग झालं." दर शनिवारी हे वाक्य. दर शनिवारी वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची.

सुरुवातीला दादा शुक्रवारी म्हणायचे, "उद्या नाही दाबणार बघ." दोन-तीन वर्षांनी म्हणायचे थांबले. एकोणीस वर्षांत एकही खोगीर कट् बोललं नाही.

मग भाऊजींचे गुडघे गेले. एका शनिवारी ते दारातूनच म्हणाले, "ही शेवटची खेप. सोमवारपासून नवा माणूस येईल."

दादांचा हात तोवर म्हातारपणाने थरथरायला लागला होता. ते खोगीर त्यांनी तीन आठवडे घेऊन केलं होतं, उजेड असेल तेवढाच वेळ बसून. स्वतः उठून त्यांनी ते भावापुढे ठेवलं.

"नवा सांगाडा आहे. जपून केलंय."

"हं."

भाऊजींनी पाय स्टुलावर ठेवला. खोगीर गुडघ्यावर घेतलं. वहिनी पडदा धरून उभी. दादांनी ह्या वेळी वादी घेतली नाही, सरळ बघत राहिले. भाऊजींनी दोन्ही टोकं धरून ओढलं.

कट्.

वहिनीच्या हातातला पडदा सुटला.

"माझा गुडघा आहे," भाऊजी म्हणाले. पाय खाली घेतला, दुसरा ठेवला आणि पुन्हा दाबलं. खोगीर गप्प होतं. त्यांनी आणखी एकदा दाबलं.

"ठीक आहे."

दादांनी वादी उचलली आणि कापायला घेतली.

वहिनी पुढे झाली. शिवलेल्या वाद्या तिच्या हातात होत्या. "भाऊजी," ती म्हणाली.

"काय वहिनी?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. दादांची कात्री थांबली होती.

"दुहेरी टाके घातलेत."

"तुम्ही घातलेत ना? मग झालं."

त्यांनी वाद्या न बघता गळ्यात अडकवल्या, खोगीर कमरेवर घेतलं आणि खांद्याने दार ढकलून बाहेर पडले.