कप्तानांची गिरकी

नागपूरपासून समुद्र किती लांब आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरीही आमच्या कप्तानांच्या स्कूटरच्या आरशाला लाल लोकरीचा बोटभर धागा कायम बांधलेला असायचा. सिग्नलला स्कूटर थांबली की ते रस्त्याकडे न बघता त्या धाग्याकडे बघत. नवख्या माणसाला वाटे, नजर लागू नये म्हणून बांधला असेल. विचारलं की सांगत, "हवा कुठून येऊन राहिली ते समजते." धरमपेठेच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या नगरसेवकाला हवेची दिशा कळून काय करायचं असतं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

गिट्टीखदानातल्या त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात मी कामाला होते. नळाला पाणी नाही, रेशनकार्डावर नाव चुकलं, खांबावरचा दिवा लागत नाही, असली गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांचं ऐकायचं आणि अर्ज लिहून द्यायचे, हे माझं काम. पक्षातले लोक त्यांना भाऊ म्हणत. पण नागपुरात डोळे मिटून दगड फेकला तरी तो एखाद्या भाऊलाच लागतो, म्हणून वस्तीने त्यांचं वेगळं नाव ठेवलं, कप्तान. त्यांनाही ते आवडायचं. आवडत नाही असं दाखवायचे, ती गोष्ट वेगळी.

कप्तान मूळचे कोराडीचे. वडील वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. आजोबा धम्मदीक्षेच्या गर्दीत उभे होते, हे घरात पाहुण्यारावळ्यांना अभिमानाने सांगितलं जाई. शिकायचं आणि मान वर ठेवायची, एवढीच घराची शिकवण. कॉलेजात गेल्यावर कप्तानांनी एनसीसीत नौदलाच्या कॅडेटांत नाव घातलं ते फुकट बूट मिळतात म्हणून. हे ते स्वतःच सांगत. बूट मिळाले, पण होडीत ते काढून बसावं लागे. अंबाझरीच्या तलावावर शिडाची होडी पहिल्यांदा त्यांच्या हाती आली आणि ती हातातून कधी सुटलीच नाही. "आमच्या कॉलनीत वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊन जाय," ते म्हणायचे, "राखेनं. तलावाच्या मधात गेलो तं वाटलं, श्वास घेनं यालेच म्हनतात." हे सांगताना ते कधी हसत नसत.

पुढे नोकरी, चळवळ, पक्ष, निवडणुका हे सगळं आलं, पण रविवारची सकाळ त्यांनी कुणाला दिली नाही. एका जुन्या लाकडी होडीची डागडुजी करून ती त्यांनी तलावावर ठेवली होती. कुणीही येवो, कितीही निकड असो, रविवारी ऊन चढेपर्यंत कप्तान पाण्यावर. एकदा मुंबईहून आलेल्या मंत्र्यांचा माणूस घरी बोलवायला आला. वहिनींनी दारातूनच सांगितलं, "ते तळ्यात हायेत. साहेबांले म्हना, पोहून या." मंत्री काही पोहून आले नाहीत, आणि कप्तानांचं त्या वर्षीचं समितीचं पद गेलं.

मलाही त्यांनी एकदा होडीत घातलं. शिडाच्या खाली एक आडवा दांडा असतो. होडी वळली की तो या बाजूचा त्या बाजूला जातो, आणि मध्ये डोकं असलं तर तेही नेतो. माझं नेलं. कपाळावर टेंगूळ घेऊन मी काठाला आले तर हे महाशय शांतपणे म्हणतात, "सांगतलं होतं ना वं मालती, वळताना मान खाली घालाची. राजकारनातही तेच हाय." मी म्हटलं, "मले अर्ज लिहाचे हायेत, राजकारन नाही कराचं." पुन्हा मी त्या होडीत पाय ठेवला नाही.

वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, तिरपी जाते. थोडी डावीकडे, मग वळून थोडी उजवीकडे, असं करत करत माणूस समोरच्या काठाला लागतो. कप्तानांची कामं करायची तऱ्हा हीच होती. आमच्या मागच्या गल्लीत गटाराची लाईन टाकायची होती आणि ती अडवून बसलेला माणूस विरोधी पक्षाचा. कप्तान त्याच्याशी भांडले नाहीत. त्याच्या पोरीच्या साक्षगंधाला गेले, भरसभेत त्याच्या कामाचं कौतुक केलं, आणि लाईन झाली तेव्हा पाटीवर त्याचंच नाव येऊ दिलं. आमचे कार्यकर्ते खवळले. कप्तान म्हणाले, "बोट वळली म्हनजे मुक्काम बदलला नाही." मी तेव्हाच त्यांना सुनावलं होतं की हे वाक्य कुठल्याही पलटी मारणाऱ्या पुढाऱ्याला शोभेल. ते हसले. पण पक्ष त्यांनी एकदाही बदलला नाही, हे खरं.

आता त्यांच्या गिरकीबद्दल सांगायला हवं, कारण त्यांचं सगळं आयुष्य तिच्यापाशी येऊन अडलं. होड्यांच्या शर्यतीत पाण्यात पिंपं सोडलेली असतात आणि त्यांना वळसा घालून जायचं असतं. पिंपाला होडी लागली तर चूक. पण शिट्टी वाजवणारा पंच जवळ नसतो. ज्याची होडी लागली त्यानेच बाजूला व्हायचं, जागच्या जागी एक पुरती गिरकी घ्यायची, आणि मग पुढे निघायचं. तेवढ्यात बाकीच्या होड्या पुढे जातात. कुणी पाहिलं नसलं तरी गिरकी घ्यायचीच. ऐकल्यावर मी म्हटलं, असा खेळ आपल्याकडे चालायचा नाही. कप्तान म्हणाले, "आपल्याकडेच चालते. अंबाझरीवर चालते."

ते हे कार्यालयातही चालवत. एकदा पाण्याच्या टाकीवरून एका ज्युनियर इंजिनियरला ते वस्तीतल्या पंधरा-वीस माणसांसमोर वाट्टेल ते बोलले. संध्याकाळी कळलं की चूक त्या पोराची नव्हतीच. दुसऱ्या दिवशी कप्तानांनी तीच माणसं गोळा केली, त्याच ऑफिसात नेली, आणि त्याच टेबलासमोर उभं राहून म्हणाले, "काल मी तुमाले जे बोललो ते चुकीचं होतं." तो इंजिनियर इतका घाबरला की त्यानेच माफी मागितली. बाहेर आल्यावर मी विचारलं, फोन केला असता तर भागलं नसतं? म्हणाले, "जिथं पिंप लागलं तिथंच गिरकी. घरी जाऊन नाही."

मग त्यांना विधानसभेचं तिकीट मिळालं. नागपूरबाहेरच्या माणसाला याचं महत्त्व कदाचित कळणार नाही. दर हिवाळ्यात आमच्याकडे अधिवेशन भरतं, आणि उभ्या विदर्भातले लोक मोर्चे घेऊन येतात. कप्तानांनी तरुणपणापासून किती मोर्चे आणले असतील त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी पोलिसांच्या लाकडी अडथळ्यापाशी थांबायचं, निवेदन द्यायचं, परत फिरायचं. आता आत जाऊन बसायची पाळी होती. कोराडीहून त्यांची आई येऊन राहिली होती. पंचाहत्तरीची बाई, रोज प्रचाराच्या जीपमागून चालायची आणि लोकांना सांगायची, "माह्या पोराले पाहा बरं."

समोर उभ्या होत्या धंतोलीतल्या एक डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल असलेल्या. आमचा प्रचार सांभाळायचा गजू, कप्तानांचा जुना कार्यकर्ता, मोठा हिकमती आणि तितकाच उतावळा. त्याने बातमी आणली की कळमन्याच्या बाजारात ट्रकवरून पडून डोकं फुटलेल्या एका हमालाला डॉक्टरीणबाईंच्या हॉस्पिटलने दारातूनच हाकललं. मतदानाला आठवडा राहिला होता. कप्तानांनी चौकातल्या सभेत ते सांगितलं. आवाज भरून आला होता त्यांचा. टाळ्या थांबेनात. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर होता, आणि आपण जिंकलो असं आम्ही धरूनच चाललो.

दोन दिवसांनी त्या हमालाची बायको कार्यालयात आली. तेव्हा तिथे कप्तान, गजू आणि मी, असे आम्ही तिघंच होतो. ती म्हणाली, "भाऊ, तुमी उलटं सांगतलं. आमाले हाकललं ते दुसऱ्या दवाखान्यानं. या बाईनंच तं घेतलं आत. नवरा माहा तिच्याचकडे भरती हाय अजून." तिला भांडायचं नव्हतं. तिने चहा घेतला आणि गेली.

गजू लगेच म्हणाला, "भाऊ, चार दिवस थांबा. मतदान होऊन जाऊ द्या. मंग पेपरात माफीनामा देऊन टाकू, मोठ्या अक्षरात."

कप्तान म्हणाले, "शर्यत संपल्यावर गिरकी नाही घेत गा गजू."

मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले. ते एकटे हरणार नव्हते. त्यांची आई हरणार होती, आमची वस्ती हरणार होती, ज्या बायकांचे अर्ज मी लिहीत होते त्या हरणार होत्या. मी म्हटलं, "ही तुमची एकट्याची होडी नाही." त्यांना ते लागलं. चेहऱ्यावर दिसलं. पण संध्याकाळी ते त्याच चौकात, त्याच माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "परवा मी इथं डॉक्टरबाईंबद्दल बोललो ते खोटं होतं. मी खातरी केली नाही. त्यांनी त्या मानसाचा जीव वाचवला." टाळी वाजली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "गेली सीट." त्याचाही व्हिडिओ झाला, आणि तो समोरच्यांनी गावभर फिरवला.

सीट गेली. थोडक्यात गेली, म्हणून जास्त लागली. पक्षाने त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही. गजू वर्षभर बोलला नाही, आई कोराडीला परत गेली. लोक चहाच्या टपरीवर कप्तानांचं नाव काढून हसत. मी कार्यालय सोडलं नाही, पण माझा राग गेला नाही. सगळ्यांत राग याचा यायचा, की त्यांना काहीच वाटत नाही असं दिसायचं. रविवारी होडी, सोमवारी अर्ज, चेहरा तसाच. मला वाटायचं, हा माणूस आपल्या चांगुलपणावर खूश आहे, आणि किंमत आम्ही मोजली.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय दगा द्यायला लागलं. धंतोलीतल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात भरती केलं होतं. मी रोज डबा घेऊन जायचे. एका दुपारी वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, "कप्तान, कधी वाटते का, उगाच बोललो त्या दिवशी?"

मला वाटलं, होडीतलं काहीतरी सुनावतील. ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वाटते ना वं. रोज वाटते. अधिवेशन लागलं का मी विधानभवनाच्या रस्त्यानं जातच नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही गेलो. फुटाळ्याच्या तलावावरून फिरून जातो. तुमच्या वहिनीलेही नाही सांगतलं."

"मंग काहून बोललात?"

"नुकसान होते म्हनूनच ते गिरकी हाय. नाहीतं हवा खायाले निघाल्यासारखं झालं असतं." मग म्हणाले, "मायचा चेहरा आठोला का लई वाईट वाटते."

कप्तानांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझा इतक्या वर्षांचा राग त्या खाटेपाशी संपला. त्यांना काही वाटत नाही म्हणून तो होता, आणि त्यांना तर सगळ्यांत जास्त वाटत होतं. मी डबा उघडला आणि त्यांना वरणभात भरवला.

त्याच आठवड्यात ते गेले. अधिवेशन चालू होतं. हॉस्पिटलमधून त्यांना घरी न्यायला गजूने गाडी आणली होती. त्याने सीताबर्डीहून सरळ विधानभवनाकडे गाडी घ्यायला सांगितली. म्हणाला, "पोलीस ओळखीचे हायेत, सोडतात."

मी म्हटलं, "तिकून नको. फुटाळ्यावरून घे."

"काहून? लांब पडते."

"पडू दे."

गजूने माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. आम्ही कप्तानांना लांबच्या रस्त्याने घरी आणलं.